चहात लाह्या कुणी सांडल्या?

आईनं पाकीट फोडून ताटात ओतलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि भाच्याला विचारलं, "ह्ये निवडलं न्हाई का रे कुणी?"

भाचा पुण्याला एका जपानी कंपनीत आहे. कंपनीनं त्याला पंधरा दिवस जपानला धाडलं होतं. येताना त्यानं माझ्या बायकोला घडीचा पंखा आणला, मला नखं काढायचं यंत्र आणलं आणि आख्ख्या घरात मिळून हिरव्या चहाचं एक पाकीट आणलं. पंखा बघून बायको म्हणाली, "हिंगोलीची लाईट जाते हे तिकडंबी कळलं वाटतं." नखाच्या यंत्राबद्दल कुणीच काही बोललं नाही. चहा म्हटल्यावर मात्र घर गोळा झालं.

मी शाळेतून येईस्तोवर अनर्थ होऊन गेला होता. आई ओसरीवर पाय पसरून बसली होती आणि ताटात दोन ढीग होते. एकात हिरवी, चपटी पानं. दुसऱ्यात भाजलेले तांदूळ आणि मधूनमधून पांढऱ्याशुभ्र लाह्या. नागपंचमीला आपण ज्वारीच्या फोडतो तशाच, फक्त तांदळाच्या. भाचा कपाळाला हात लावून बाजूला बसला होता.

"फसवलं बघ लेकराला," आई मला म्हणाली. "निम्मे तांदूळ निघाले. इतक्या लांबच्या दुकानदारानं बी मापात मारलं. ह्यो तुझा चा, अन् ह्ये टाक चिमण्यांला."

यातला 'निम्मे' हा शब्द शंभर टक्के खरा होता. आईनं निवडून काढलेल्या त्या चहाचं नाव गेनमाईचा. हिरवी पानं आणि भाजलेला तांदूळ साधारण सारख्या वजनानं मिसळून तो करतात. ते माप बरोबर असल्याचा दाखला आईनं तासाभरात, नुसत्या बोटांनी दिला होता आणि वर त्याला भेसळ म्हणून जाहीरही करून टाकलं होतं.

हिरवा चहा म्हटला की आमच्याकडं माणसाला दोनच गोष्टी आठवतात: डॉक्टर आणि पोटाचा घेर. 'ग्रीन टी सुरू केला' असं कुणी म्हटलं की ऐकणारा आधी "शुगर किती निघाली?" असं विचारतो. जपानी चहा म्हटला तर शिकलेल्या पोरांना माचा ठाऊक असतो. ती हिरवी पूड पुण्या-मुंबईच्या कॅफेत फेसासकट मिळते आणि पिण्याआधी तिचा फोटो काढावा लागतो. त्याच खानदानात ग्योकुरो नावाचा एक जमीनदार आहे. त्याची झुडपं तोडणीच्या आधी तीनेक आठवडे सावलीत झाकून ठेवतात, एवढे त्याचे लाड. सेंचा हा नोकरदार, घरोघरी असणारा. आणि गेनमाईचा म्हणजे भाऊबंदकीतला गरीब चुलता. लग्नात त्याला बोलावतात, पण फोटोत मागच्या रांगेत उभा करतात.

नावात काही गूढ नाही. 'गेनमाई' म्हणजे न सडलेला, कोंडा असलेला तांदूळ आणि 'चा' म्हणजे चा. हे ऐकून आईचा राग थोडा उतरला. आमच्याकडं शहरातले लोक 'चहा' पितात, पण सेनगाव-कळमनुरीच्या खेड्यांत माणसं 'चा'च पितात. शाळेत मी मुलांना 'चा नव्हे, चहा म्हणा' असं पंचवीस वर्षं सांगत आलो. आता कळतंय की मुलं जपानी बोलत होती. मूळ शब्द चीनचा. तिथून तो पूर्वेला जपानात गेला, पश्चिमेला इराणात गेला, फिरत फिरत आमच्या कयाधू नदीच्या काठावरही आला आणि आम्ही त्यात मध्येच एक 'ह' घालून त्याला शुद्ध करून घेतला.

बरं, नावात न सडलेला तांदूळ असला तरी पाकिटात बहुतेक वेळा सडलेला पांढरा किंवा चिकट तांदूळच असतो. तो वाफवतात, वाळवतात आणि मग खरपूस भाजतात. भाजताना काही दाणे फुटतात, त्या लाह्या. म्हणजे नाव एकाचं आणि आत दुसराच. निवडणुका बघितलेल्या माणसाला यात काही नवल वाटू नये.

भाच्यानं मग या चहाची एक गोष्ट सांगितली. एका सामुराईचा गेनमाई नावाचा नोकर होता. धन्याला चहा देताना त्याच्या बाहीतून तांदळाचे दाणे कपात सांडले. धन्याची तलवार म्यानाबाहेर आली आणि गेनमाईचं मुंडकं खाली आलं. मग धन्यानं तो चहा चाखला, त्याला तो फार आवडला आणि पश्चात्तापानं त्यानं चहाला नोकराचं नाव दिलं. गोष्ट अर्थातच बनावट आहे, कारण गेनमाई हे तांदळाचंच नाव. तशी तर आपल्याकडं 'पोहे' नावाच्या नोकराचीही गोष्ट रचता येईल. पण आईनं ती मनावर घेतली. "आधी चाखायचं की मग बोलायचं," ती म्हणाली. "तुझा बाप बी असाच. मीठ कमी आहे का ते बघायच्या आधीच ताट सरकवायचा."

दुसरी हकिगत जास्त पटण्यासारखी आहे. जपानात नव्या वर्षाला चिकट तांदळाच्या गोल वड्या करून देवापुढं एकावर एक ठेवतात. जानेवारीत त्या फोडून खातात. तोवर त्या वाळून दगड झालेल्या असतात आणि फोडताना चुरा पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्योतोच्या कुण्या चहावाल्याला तो चुरा टाकवेना. त्यानं तो भाजून चहात मिसळला, अशी ही हकिगत. शिळ्या भाकरीचे कुटके करणाऱ्या जिल्ह्याला ती समजावून सांगावी लागत नाही. शिवाय चहा महाग आणि तांदूळ स्वस्त, त्यामुळं चहात तांदूळ घातला की पाकीट जास्त दिवस पुरायचं. गरिबाघरचा चहा म्हणूनच तो वाढला.

हे सगळं चाललेलं असताना शेजारचे काका आले. काकांची वसमतकडं हळद आहे. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळं काका हल्ली कुठल्याही विषयावर मानांकन मिळाल्यासारखे बोलतात. त्यांनी हिरवं पान चिमटीत धरलं, हुंगलं आणि म्हणाले, "गवती चहा हाय का?"

"नाही काका, आपण पितो तेच झाड. त्याच पानाचा काळा होतो, त्याच पानाचा हिरवा."

"मग ह्यो हिरवा कामून राहिला?"

पान खुडलं की चिरलेल्या वांग्यासारखं आपोआप काळं पडायला लागतं. पुरतं काळं पडू दिलं तर आपला काळा चहा. जपानी लोक खुडलेलं पान लगेच वाफेवर धरतात, साधारण अर्धा-पाऊण मिनिट. काळं पाडणारा त्याच्यातला अंश वाफेनं मरतो आणि पान हिरवंच राहतं. मग ते वळायचं आणि वाळवायचं. ही रीत क्योतोजवळच्या उजी भागातल्या नागातानी सोएन या माणसानं १७३८ साली बसवली. एवढं मी मास्तरकीच्या सुरात सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "म्हंजे हळद शिजवतो तसं."

मी गप्प झालो. हळद उपटून तशीच ठेवली तर तिला कोंब फुटतात. म्हणून ती शिजवायची. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची आणि ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. शिजवली की तिच्यातला जीव जागच्या जागी थांबतो आणि रंग सगळीकडं सारखा पसरतो. जपान्यांनी चहाचं तेच केलं. फक्त आमची हळद तासभर शिजते आणि त्यांचं पान मिनिटभरात उरकतं. "पान पातळ असतंय ना," काकांनी शंका उरू दिली नाही. चहावरचं एवढं नेमकं विवेचन मी कुठं वाचलेलं नाही.

खरा तंटा पुढं होता. पानं आणि तांदूळ पुन्हा एकत्र कालवले गेले. आई ते कालवताना "निवडायला तास गेला अन् इस्कटायला मिनिट," असं पुटपुटत होती. बायकोनं पातेलं गॅसवर ठेवलं, अर्धं दूध, अर्धं पाणी, साखर, आलं. भाचा ओरडला, "मामी, थांबा! उकळायचा नाही!"

स्वयंपाकघरात शांतता पसरली. आमच्या जिल्ह्यात न उकळलेल्या चहाला गरम पाणी म्हणतात. चहा कसा पाहिजे? तो पातेल्याच्या काठापर्यंत यावा, परत खाली बसावा, पुन्हा वर यावा. तीन उकळ्या झाल्याशिवाय त्याच्यात दम येत नाही. यात आमचा दोष नाही. आपली चहापत्ती पानाची नसतेच मुळी, दाण्याची असते. १९३० च्या सुमारास आसामात एक यंत्र निघालं. ते पान चिरडतं, फाडतं आणि त्याच्या गोळ्या वळतं. असा दाणा पटकन कडक रंग सोडतो, दुधापुढं हरत नाही आणि कितीही उकळला तरी तक्रार करत नाही. आपल्याकडच्या सोशिक माणसाला शोभेल असाच तो चहा. हिरवं पान मात्र नाजूक. त्याला उकळलं की ते कडू होऊन सूड घेतं. सेंचाला सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी लागतं, ग्योकुरोला तर पन्नास-साठ अंशांचं, म्हणजे आमच्या आंघोळीपेक्षा जरा वरचं. गेनमाईचा त्या मानानं समजूतदार. त्याला गॅसवरून नुकतंच उतरवलेलं कडक पाणी चालतं. फक्त ते त्याच्यावर ओतायचं आणि अर्ध्या-एका मिनिटात गाळून घ्यायचं.

"एका मिनिटात?" बायको म्हणाली. "मग पाहुण्यासंगं बोलायचं कधी?"

हा प्रश्न मला आजवर वाचलेल्या चहाच्या सगळ्या माहितीपेक्षा मोठा वाटतो. आमच्याकडं चहा उकळायला लागणारा वेळ हा चहाचा नसतोच. पाहुणा बसला, पाणी प्यायला, "नको, आत्ताच झाला" असं दोनदा म्हणाला, आतून आलं ठेचल्याचा आवाज आला, तेवढ्या वेळात पोरीचं स्थळ, विहिरीचं पाणी, सोयाबीनचा भाव आणि भावकीतला तंटा एवढं सगळं निघतं. ज्या जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, त्या जिल्ह्यात पाहुण्याच्या मागं फाटकापर्यंत कप घेऊन धावणं ही परंपरा आहे. एका मिनिटाचा चहा या परंपरेत बसत नाही.

जपानी लोक यावर काय करतात? ते त्याच पानांवर पुन्हा पाणी ओततात. मग तिसऱ्यांदा ओततात. प्रत्येक वेळी चव बदलते आणि त्या बदलाचं कौतुकही करतात. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा आईनं दाराकडं बघून खालच्या आवाजात विचारलं, "चोथ्यावर पाणी?"

आमच्याकडं चोथ्यावर पाणी ओतणं ही बातमी होते. ती घराबाहेर गेली तर मुलाला पोरगी मिळत नाही. "त्यांच्याकडं गेलो तर चोथ्यावरचा चा दिला" हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वीच्या एका भांडणात ऐकलं होतं आणि ती दोन घरं अजून एकमेकांच्या अंगणात गेलेली नाहीत. अन् इकडं एक आख्खा देश तेच पाहुण्यासमोर, उजळ माथ्यानं, गुडघ्यावर बसून करतो.

एक सांगितलं पाहिजे. पाहुण्याला घालवायची त्यांची रीतही चहाचीच आहे. गरम चहा भातावर ओतून खाण्याची तिकडं पद्धत आहे. आपण कढी ओततो तसा. क्योतोच्या लोकांबद्दल असं सांगतात की यजमानानं "चहा-भात घेता का?" असं विचारलं की पाहुण्यानं उठावं. तो भात शिजलेला नसतो आणि शिजणारही नसतो. हे ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडं "चहा टाकलाय" म्हटलं तर बसायचं असतं आणि "चहा टाकू का?" म्हटलं तर चपला शोधायच्या असतात.

दुसऱ्या दिवशी मी पाकिटातला थोडा चहा बसस्थानकाजवळच्या आमच्या नेहमीच्या टपरीवर नेला. टपरीवाल्या मामांनी उकळत्या पाण्याचा जग दिला. कप भरले. हिरवट-पिवळं पाणी, वर दोन लाह्या तरंगताना. मामांनी एक घोट घेतला, मग दुसरा. चेहऱ्यावर काही नाही.

"वास चांगला हाय," ते शेवटी म्हणाले. "तव्यावर भात लागल्यावाणी. पण चव कुठं हाय?"

मी म्हटलं, "मामा, चव बारीक असते. आपल्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होणार आहे. केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी मंजूर केलेत. चार चार किलोमीटरचे दोन हात असतील तिला. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक हालचाल टिपणार ती. जपानकडं तसलंच काग्रा नावाचं यंत्र आहे डोंगराच्या पोटात, पण त्याचे हात तीनच किलोमीटरचे. मग आपल्या जिल्ह्याला एवढी बारीक चव कळू नये?"

मामांनी कप खाली ठेवला. "औंढ्याला यंत्र बसलं की तिथंच घेऊन जा मग. मोजून आणा. तवर हाफ देऊ का?"

मी हाफ घेतला. घेता घेता मामांना सांगितलं की जपानीत टपरीच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे चहा-कॉफीच्या हॉटेलाला, 'किस्सातेन' म्हणतात. 'किस्सा' म्हणजे चहा पिणं. ८०० वर्षांपूर्वी एईसाई नावाच्या भिक्षूनं चीनमधून चहाचं बी आणलं आणि १२११ साली चहाच्या औषधी गुणांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही 'किस्सा' आहे. मामांना एईसाई आवडला नाही, पण शब्द आवडला. बाकावर बसलेले चौघे जण सकाळपासून एकाच कपावर किस्से सांगत बसले होते. मामा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "ह्येंनी तर नुसतं किस्सातेनच केलंय."

घरी मात्र हळूहळू बदल झाला. आईला रात्री चहा बंद होता, झोप उडते म्हणून. गेनमाईचा बहुधा शेवटच्या तोडणीच्या जून पानांचा असतो, त्यात निम्मा तांदूळ, म्हणून त्यात झोप उडवणारा अंश कमी. आईला रात्री नऊ वाजता चहा प्यायची अधिकृत परवानगी मिळाली. पहिले दोन दिवस तिनं तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी बशीत ओतून फुरका मारला. जपान्यांनी कपाला कानच ठेवला नाही; कप हाताला सोसला की चहा तोंडाला सोसतो. आपण त्यासाठी बशी काढली. चौथ्या दिवशी तिनं कपाच्या तळाशी उरलेल्या लाह्या बोटानं खाल्ल्या. मग एका संध्याकाळी भावकीतल्या दोन बाया आलेल्या असताना मी स्वयंपाकघरात गेलो, तर आई गाळणीतल्या चोथ्यावर पाणी ओतत होती. आमची नजरानजर झाली. "जपानी पद्धत हाय," ती म्हणाली.

महिन्याभरात पाकीट संपायला हवं होतं. दीड महिना झाला तरी संपेना. मला संशय आला म्हणून डबा उघडून बघितला. आत तांदूळ जास्त दिसत होते आणि ते आमच्याच घरातले होते. आईनं कढईत दोन मुठी तांदूळ मंद आचेवर खरपूस भाजून चहात मिसळले होते. मग आठ दिवसांनी आणखी दोन मुठी. लाह्या होईनात म्हणून नागपंचमीच्या उरलेल्या ज्वारीच्या लाह्याही घातल्या होत्या. क्योतोच्या चहावाल्यानं जे केलं तेच.

"आई, तूच म्हणाली होतीस ना, निम्मे तांदूळ म्हणजे भेसळ?"

"दुकानदारानं घातले तर भेसळ," आई म्हणाली. "घरच्या बाईनं घातले तर संसार."

माझ्या मते गेनमाईचाची याहून नेमकी व्याख्या जपानी भाषेतही नसेल. चहा महाग असतो, घरात माणसं जास्त असतात आणि कुणालाही रिकाम्या कपानं परत पाठवायचं नसतं. मग तिथली बाई तांदूळ घालते आणि इथली बाई पाणी घालते, गूळ घालते, एक कप दोघांत 'हाफ' करून देते. गरिबाच्या घरातली ही युक्ती शंभर वर्षांनी चकचकीत पाकिटात बसून चढ्या भावानं विकली जाते. आमची ज्वारीची भाकरी आधीच त्या वाटेनं शहरातल्या हॉटेलात पोचली आहे. कण्या अजून जायच्या आहेत.

तर वाचकहो, कुणी नातलग जपानहून यायचा असेल तर त्याला गेनमाईचा आणायला सांगा. जमलं नाही तर साधा हिरवा चहा आणा आणि घरचे तांदूळ बदामी होईस्तोवर भाजून तेवढेच त्यात मिसळा. माणशी दीड-दोन चमचे घ्या, वर कडक पाणी ओता, पाऊण मिनिटात गाळा. दूध नको, साखर नको, उकळणं तर अजिबात नको. चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी ओतायला लाजू नका. फक्त पाकीट आलं की घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हाती ताट पडू देऊ नका. ती निवडत बसेल.